हक्क नसलेले मत : गुन्हा किती, शिक्षा किती?



जो ज्या देशाचा नागरिक नाही त्याने त्या देशाच्या निवडणुकीत मत देऊ नये, हे तत्त्व कोणाला पटवून द्यावे लागत नाही. वाद त्याच्या पुढे आहे. एखाद्याने असे मत दिलेच, तर त्याचे काय करावे? त्याला तुरुंगात घालावे, देशाबाहेर काढावे, की समज देऊन सोडावे? आणि आपल्याला हा हक्क नाही हे त्याला ठाऊकच नसेल, तर? अमेरिकेत हा प्रश्न गेली काही वर्षे फार जोराने विचारला जात आहे. तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या मतपेटीशी आपल्याला काय करायचे? पण आपल्या वस्त्यांतली शिकलेली मुलेमुली आता तिकडे नोकरीला जातात, ग्रीन कार्ड घेऊन राहतात, तिथल्या कचेऱ्यांतले फॉर्म भरतात. एवढे एक कारण पुरेसे आहे. दुसरे कारण असे की, मताची किंमत आपल्याइतकी कोणी मोजलेली नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रतिनिधित्वाचा हक्क आणि सरकारी पद मिळवण्याचा हक्क हे नागरिकत्वातले सर्वांत महत्त्वाचे दोन हक्क मानले होते. त्या काळी मत होते ते जमीनवाल्याला, करदात्याला. आपल्या पणज्या-आजोबांना ते नव्हते. म्हणून मताची चोरी आणि मताच्या नावाने होणारा अन्याय, या दोन्हींवर आपण विचार केला पाहिजे.

प्रथम कायदा काय आहे ते पाहू. १९९६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने असा कायदा केला की, परदेशी व्यक्तीने केंद्रीय निवडणुकीत मत देणे हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दुसरे एक कलम खोट्या निवेदनाचे आहे. मतदार नोंदणीसाठी जाणूनबुजून 'मी नागरिक आहे' असे खोटे सांगितले तर पाच वर्षांपर्यंत कैद. याशिवाय राज्याराज्यांचे कायदे वेगळे. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे हद्दपारी. बेकायदा मत दिलेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढता येते आणि त्यासाठी फौजदारी न्यायालयात गुन्हा शाबीत व्हावाच लागतो असेही नाही. हद्दपारीला तिथले कायदेपंडित शिक्षा मानत नाहीत, ती दिवाणी स्वरूपाची कारवाई मानतात. ज्याची बायकोमुले तिकडे आहेत, वीस वर्षांची कष्टाची भाकरी तिकडे आहे, त्याला हा फरक कोणी समजावून सांगावा?

आता एक साधी गोष्ट ध्यानात घ्या. या दोन कलमांत एका शब्दाचा फरक आहे, आणि सगळा नैतिक प्रश्न त्या शब्दात आहे. खोट्या निवेदनाच्या कलमात 'जाणूनबुजून' हा शब्द आहे. मत देण्याच्या १९९६ च्या कलमात तो नाही. २००७ साली एका केंद्रीय अपील न्यायालयाने असे ठरवले की, आपले मत बेकायदा आहे हे आरोपीला माहीत होते, असे सिद्ध करण्याची सरकारला गरज नाही. त्याने मत दिले, तो नागरिक नव्हता, संपले.

'कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे. ते खोटे नाही. प्रत्येकाला 'मला माहीत नव्हते' म्हणून सुटता आले तर कायदा उरणार नाही. पण हे वाक्य शोभते कुठे? चोरी, मारहाण, फसवणूक अशा ठिकाणी, जिथे कृत्य वाईट आहे हे कायदा न वाचताही कळते. मत देणे हे कृत्य तसे नाही. मत देणे ही तर चांगली गोष्ट, शाळेच्या भिंतीवर लिहितो आपण. एकाच्या हातून तेच काम कर्तव्य ठरते, आणि शेजारच्या रांगेतल्याच्या हातून गुन्हा. फरक आहे तो फक्त कागदावरच्या दर्जाचा. अशा ठिकाणी माणसाच्या मनात काय होते हे विचारलेच पाहिजे, नाहीतर आपण मनुष्याला नव्हे तर कागदाला शिक्षा करतो.

तिकडे माणूस मतदार कसा होतो हे कळले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. १९९३ च्या राष्ट्रीय मतदार नोंदणी कायद्याने वाहन परवान्याच्या कचेरीतच मतदार नोंदणीची सोय केली. हेतू उत्तम होता. गरीब, काळे, कामकरी लोक नोंदणीवाचून राहू नयेत म्हणून ती सोय. पण खिडकीमागचा कारकून परवान्यासोबत सर्वांनाच विचारतो, 'मतदार व्हायचे आहे का?' समोरचा माणूस कायदेशीर रहिवासी असतो, कर भरणारा असतो, मुले शाळेत घालणारा असतो. त्याला वाटते सरकारच विचारते आहे म्हणजे चालत असेल. तो चौकटीत खूण करतो आणि सही करतो. कधी तर खूणही त्याची नसते. २०१८ साली कॅलिफोर्नियाच्या परवाना खात्याच्या चुकीने सुमारे १,५०० जणांची नोंदणी अशी झाली की जी व्हायला नको होती, आणि त्यांत काही परदेशी नागरिक होते. २०२४ साली ऑरेगॉनमध्ये अशाच कारकुनी घोळात बाराशेहून अधिक लोक यादीत गेले, ज्यांच्या नागरिकत्वाचा कागदच पाहिलेला नव्हता.

तुम्हांला हे विचित्र वाटेल. मला वाटत नाही, कारण मी शाळामास्तर आहे. आमच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात पाने उलटा, निम्म्या पोरांचा जन्म १ जूनला झालेला दिसेल. बाप म्हणाला, 'पाऊस लागायच्या आधीचा आहे,' किंवा काहीच म्हणाला नाही. मास्तरने १ जून लिहिले आणि बापाने अंगठा उठवला. सरकारी दप्तरात खोटी नोंद झाली. खोटे कोण बोलले? अंगठा बापाचा, अक्षर मास्तरचे, आणि घाई होती ती सरकारची, पटसंख्या पुरी करण्याची. उद्या त्या बापाला कोणी तुरुंगात घातले असते तर आपण काय म्हटले असते?

टेक्सास राज्यातील एका बाईचा खटला या बाबतीत विचार करण्यासारखा आहे. तिचे नाव देण्याचे कारण नाही. तान्ही असताना तिला मेक्सिकोहून आणले गेले. सारे आयुष्य अमेरिकेत गेले, शिक्षण सहावीपर्यंत, ग्रीन कार्ड होते. २००४ ते २०१४ या काळात तिने एका काउंटीत अनेकदा मत दिले. मग ती दुसऱ्या काउंटीत राहायला गेली. तिथे नोंदणीच्या फॉर्मवर तिने 'नागरिक नाही' अशी खूण केली, आणि अर्ज नाकारला गेला. तिने चौकशी केली, आणि काही महिन्यांनी पुन्हा अर्ज पाठवला, या वेळी 'नागरिक आहे' अशी खूण करून. त्यावरून चौकशी लागली. २०१७ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने तिला दोषी ठरवून आठ वर्षांची शिक्षा दिली, वर ५,००० डॉलर दंड. अपिलातही ती कायम झाली.

सरकारी वकिलाचे म्हणणे असे की, पहिला अर्ज नाकारल्यावर तिला कळलेलेच होते. तरीही तिने खोटी खूण केली, म्हणून ती जाणूनबुजून. हे म्हणणे अगदीच पोकळ नाही. नकाराचे पत्र हातात पडल्यावर माणसाने दहादा विचार करायला हवा. पण ज्याला फसवायचे आहे तो आधी खरे लिहून, मग त्याच कचेरीला त्याच नावाने उलटे लिहून पाठवील काय? लुच्चा माणूस इतका भोळा नसतो. सहावी शिकलेली बाई रकान्याला 'काम होण्याची खूण' समजते, हे ज्याने अशा माणसांचे अर्ज भरून दिले आहेत त्याला समजावे लागत नाही. आणि समजा, दोष पुरा मान्य केला. तरी आठ वर्षे? कोणाच्या मतपेटीला तिने हात लावला नव्हता, कोणाला धमकावले नव्हते, पैसे वाटले नव्हते. तिच्या मतांनी कोणतीही निवडणूक फिरली नाही.

गंमत अशी की त्या राज्यालाही स्वतःची मोजपट्टी ठरवता आलेली नाही. बेकायदा मतदान हा तिथे दोन ते वीस वर्षे शिक्षेचा गुन्हा होता. २०२१ मध्ये विधिमंडळाने तो किरकोळ गुन्हा केला, आणि २०२३ मध्ये पुन्हा उचलून वीस वर्षांवर नेला. कृत्य तेच, दोन वर्षांत त्याचे पाप असे कमी-जास्त झाले काय? मात्र त्याच राज्याच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने २०२२ साली एका दुसऱ्या खटल्यात, जो परदेशी व्यक्तीचा नव्हता, असे बजावले की आपण अपात्र आहोत हे आरोपीला प्रत्यक्ष माहीत होते असे सिद्ध झाले पाहिजे. हा निकाल मला योग्य वाटतो.

आता कठोर पक्षाचे जे खरे बळ आहे ते मांडतो, कारण ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अपात्र माणसाचे एक मत पात्र माणसाचे एक मत रद्द करते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मत नव्हते त्याच्या मताचे पाणी झाले तर तो काय म्हणेल? आणि गुप्त मतदानात चुकीचे मत परत काढता येत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मिशिगनमध्ये शिकणाऱ्या एका चिनी विद्यार्थ्याने मत दिले. नंतर त्यानेच निवडणूक कचेरीशी संपर्क साधून आपली मतपत्रिका परत मागितली. तोवर ती पेटीत इतरांच्या मतपत्रिकांत मिसळली होती. ती कोणती हे कोणीच सांगू शकत नव्हते, आणि मत मोजले गेले. त्याच्यावर खटला झाला, पण २०२५ च्या जानेवारीत तो विमानाने चीनला निघून गेला. कायद्याने काहीच करू नये, असे मी म्हणत नाही ते यासाठी. खटले असावेत. प्रश्न आहे तो कोणावर आणि किती, याचा.

बौद्ध संघातही हा प्रश्न आलेला आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. संघात शलाका वाटून मत घेण्याची रीत होती, आणि संघाची ही कार्यपद्धती बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतही सांगितली होती. विनयाचा नियम असा की, संघकर्माची गणसंख्या अपात्र व्यक्तीला मोजून पुरी केली तर ते कर्मच झाले नाही असे समजावे. म्हणजे कोण मोजला जातो हे महत्त्वाचेच आहे. पण तोच विनय दोष ठरवताना चेतना विचारतो. चोरीच्या नियमात वस्तू परक्याची आहे हे ठाऊक होते काय, उचलण्याची चेतना होती काय, हे पाहिल्याशिवाय दोष लागत नाही. गणती शुद्ध ठेवणे ही एक गोष्ट, आणि माणसाचा दोष मोजणे ही दुसरी. या दोन्ही एकच समजल्या की गोंधळ होतो.

आता आकड्यांकडे या. नॉर्थ कॅरोलिनाच्या निवडणूक मंडळाने २०१६ च्या निवडणुकीची तपासणी केली, तेव्हा सुमारे ४८ लाख मतांत परदेशी नागरिकांची मते निघाली ४१. २०१८ साली तिथे १९ परदेशी व्यक्तींवर केंद्र सरकारने खटले भरले. जॉर्जियात २०२४ साली ८२ लाख नोंदणीकृत मतदारांत परदेशी सापडले २०. आणि कॅन्सस राज्याची गोष्ट तर मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. तिथल्या सरकारने नोंदणीसाठी जन्मदाखला वा पासपोर्ट दाखवण्याची सक्ती केली. २०१८ साली केंद्रीय न्यायालयाने हिशेब मांडला, तेव्हा दिसले की १९ वर्षांत तिथे यादीत शिरलेले परदेशी होते ३९, आणि त्या सक्तीने अडवून ठेवलेले अर्ज ३१,००० हून अधिक, त्यांतले बहुतेक सगळे पक्के नागरिकांचे. न्यायालयाने तो नियम रद्द केला. वाचकहो, जन्मदाखला कोणाकडे नसतो? ज्याचा बाप पाटलाच्या माडीवर जन्मला त्याच्याकडे असतोच. नसतो तो कोणाकडे, हे या पाक्षिकाच्या वाचकाला सांगायला नको.

याच संदर्भात एक जुना खटला आठवतो. १८७२ साली सुझन अँथनी या बाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर गावी मत दिले. स्त्रियांना तो हक्क नव्हता. त्यांच्यावर जो कायदा लावला तो १८७० सालचा होता, म्हणजे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या काळ्या माणसांच्या मताचे रक्षण करण्यासाठी केलेला. त्यांचे वकील म्हणाले, हक्क आहे असे बाईंना मनापासून वाटत होते, मग गुन्हा कसला? न्यायाधीशाने ज्यूरीला मत देऊच दिले नाही, दोषी ठरवा असे सांगितले. शंभर डॉलर दंड झाला, तो त्यांनी कधीही भरला नाही. दुबळ्याच्या रक्षणाचे हत्यार दुसऱ्या दुबळ्यावर कसे चालते, त्याचा हा नमुना.

आणि नागरिक कोण हे तरी निसर्गाने ठरवलेले असते काय? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांत नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसाला मत होते. शेवटच्या राज्याने, आर्कन्सासने, ते १९२६ साली काढून घेतले. आजही मेरीलँडमधील टाकोमा पार्क गावी नगरपालिकेच्या निवडणुकीत परदेशी रहिवासी कायदेशीरपणे मत देतात. उलट १९२३ साली भगतसिंग थिंड या भारतीयाला, अमेरिकन सैन्यात नोकरी केलेल्या माणसाला, तो 'गोरा' नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्व नाकारले. त्याच्या बाजूचा युक्तिवाद वाचून मात्र आपली मान खाली जाते. आम्ही उच्च जातीचे आर्य, इथल्या मूळ रहिवाशांना आम्ही तसेच पाहतो जसे तुम्ही निग्रोला पाहता, असा त्याचा सूर होता. दुसऱ्याला हीन ठरवून नागरिकत्व मागितले, आणि तेही मिळाले नाही!

आजच्या काळातले सर्वांत बिकट उदाहरण अलास्का राज्यातले आहे. पॅसिफिक महासागरात अमेरिकन सामोआ नावाची बेटे १९०० सालापासून अमेरिकेच्या ताब्यात आहेत. तिथे जन्मलेली माणसे अमेरिकन पासपोर्ट बाळगतात, अमेरिकन सैन्यात लढतात, पण कायद्याने ती 'नॅशनल' आहेत, 'नागरिक' नाहीत. (तिथल्या काही पुढाऱ्यांनाच सरसकट नागरिकत्व नको आहे, आपल्या जमिनीच्या रूढी मोडतील म्हणून. तो वेगळा विषय.) अलास्कातील व्हिटियर या लहानशा गावी अशी बरीच कुटुंबे राहतात. २०२३ साली त्यांतली एक बाई शाळामंडळावर निवडून आली, आणि तिला अटक झाली. कारण काय, तर नोंदणी करताना तिने नागरिक असल्याची खूण केली होती. नॅशनल असा रकानाच फॉर्मवर नव्हता. २०२५ च्या एप्रिलमध्ये आणखी दहा जणांवर खटले भरले गेले. जन्मापासून ज्याच्या झेंड्याखाली उभे, त्या देशाच्या शाळामंडळाला मत दिले म्हणून ही माणसे आरोपी! हे ऐकून तुमच्या मनात जे येते तेच माझ्याही मनात येते. गावाचे काम करायला आपण गावचे, आणि गावच्या विहिरीवर आपण परके.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत अधिक शहाणा आहे, असे मी म्हणेन. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने परदेशी माणसाला यादीत जागा नाही, हे स्पष्ट आहे. पण खोट्या निवेदनाची शिक्षा देणारे त्यातील कलम ३१ असे आहे की, निवेदन खोटे असले पाहिजे आणि ते खोटे आहे हे करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, किंवा निदान ते खरे असल्याचा त्याला विश्वास नसला पाहिजे. शिक्षा एक वर्षापर्यंत, किंवा दंड, किंवा दोन्ही. मन विचारल्याशिवाय दोष नाही. १९९५ साली लालबाबू हुसेन खटल्यात, ज्यात दिल्लीप्रमाणे मुंबईतल्याही मतदारांचा प्रश्न होता, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्याचे नाव यादीत आधीच आहे त्याला परका ठरवायचे तर कारण कळवून, पुरावा मांडू देऊनच ठरवावे लागेल. आमच्यासारखे मास्तर बीएलओ म्हणून दारोदार जातात तेव्हा हा निकाल किती जणांच्या ध्यानात असतो, हे विचारू नका.

अमेरिकेनेही मन विचारण्याची एक खिडकी उघडलेली आहे. २००० सालच्या दुरुस्तीने असे ठरले की, ज्याचे आईबाप दोघेही नागरिक आहेत, जो सोळा वर्षांच्या आधीपासून तिथे कायम राहतो, आणि आपण नागरिक आहोत असे ज्याला वाजवी कारणाने वाटत होते, त्याच्यावर तो गुन्हा लागणार नाही. खिडकी फारच लहान आहे. पण प्रामाणिक समजूत ही सबब होऊ शकते हे तत्त्व तिने मान्य केले आहे. ती मोठी का करू नये, याचे उत्तर मला कुठे सापडलेले नाही.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी एवढे कळवावे. परवान्याच्या कचेरीत कोणी मतदार नोंदणीचे विचारले तर सरळ 'नाही, मी नागरिक नाही' असे सांगायचे, आणि सही करण्याआधी प्रत्येक रकाना वाचायचा. चुकून मतदार कार्ड घरी आले तर मत द्यायचे नाही, निवडणूक कचेरीला नाव काढण्याचे पत्र लिहायचे, त्याची नक्कल ठेवायची आणि वकिलाला दाखवायची. नागरिकत्वाच्या अर्जात पुढे विचारतातच की, कधी नोंदणी केली होती का, मत दिले होते का. आणि त्यांचा भारतीय पासपोर्ट कायम असेल तर २०१० च्या दुरुस्तीप्रमाणे गावच्या यादीत त्यांचे नाव अनिवासी मतदार म्हणून लागू शकते. मतदानाच्या दिवशी मात्र इथे येऊन मत द्यावे लागते. त्यासाठीचा फॉर्म ६-अ वेगळा आहे, तो नेहमीच्या सहा नंबरच्या फॉर्मसोबत गल्लत करून भरू नये.